होली बेसिलला हळदकुंकू लागलं, आता तोडू कशी?

पानफुटी

मंडळी, प्रश्न बागकामाचा आहे की घरातल्या राजकारणाचा, ते तुम्हीच ठरवा.

कोथरूडला चौथ्या मजल्यावर पूर्वेची बाल्कनी आहे. सकाळी अकरापर्यंत ऊन, मग सावली. लॉकडाऊनमध्ये लागलेलं बेसिलचं वेड आता सात कुंड्यांवर गेलंय. इटालियन जेनोव्हीज, जांभळ्या दांड्याचं थाई, काळपट जांभळं डार्क ओपल, लेमन बेसिल, वाण्याकडच्या पुडीतलं बी पेरून आलेला सब्जा आणि वृंदावनातली कृष्ण तुळस. सातव्या कुंडीने घोळ घातलाय.

गणपतीनंतर सोलापूर रस्त्याच्या एका नर्सरीतून 'थाई होली बेसिल' अशी पाटी खोचलेलं रोप आणलं. १२० रुपये. घरी पाड क्रापाव (लसूण-मिरचीवर ही पानं परतून करतात तो थाई पदार्थ) करायचा बेत होता. कुंडी बाल्कनीत ठेवली आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी येऊन बघते तर कुंडीला गेरू, रोपाला हळदकुंकू, समोर उदबत्ती. साबा (सासूबाई) म्हणाल्या, "बरं झालं गं आणलीस, राम तुळस नव्हती आपल्याकडे." म्हटलं, आई, ही थायलंडची आहे. त्यांनी कुंडीत गळून पडलेलं एक पान उचललं, चुरडलं, नाकाशी धरलं आणि माझ्याकडे अशा बघितल्या की मी पुढे बोललेच नाही.

तर, ही खरंच तुळस आहे का? असेल तर आता तिची पानं परतून खायची की नाही? आणि आलेच आहे तर हेही विचारून घेते, माझं जेनोव्हीज दर पावसाळ्यात का मरतं?

खवचट_नारायणपेठी

तुळशीबागेत जा. तिथे तुळस सोडून सगळं मिळतं, उत्तरही मिळेल.

मृद्गंध

साबांचं नाक बरोबर आहे.

थाई स्वयंपाकात तीन वेगळी पानं असतात आणि आपल्याकडे तिन्हींना सरसकट 'थाई बेसिल' म्हणून विकतात. जांभळ्या दांड्याचं, बडीशेपेच्या वासाचं ते होरापा. ते तुमच्याकडे आधीच आहे, हिरव्या करीत तेच पडतं. लिंबाच्या वासाचं ते मेंगलाक, म्हणजे तुमचं लेमन बेसिल. आणि क्रापाव म्हणजे चक्क तुळस. वाण थोडं वेगळं असेल, वास उन्नीस-बीस, पण जात तीच, ऑसिमम टेन्युइफ्लोरम. जेनोव्हीज, होरापा, डार्क ओपल आणि आपला सब्जा ही सगळी ऑसिमम बॅसिलिकमची पोरं. तुळस त्यांची सख्खी बहीण नव्हे, चुलत बहीण.

जुन्या पुस्तकांत तुळशीचं नाव ऑसिमम सँक्टम, म्हणजे 'पवित्र', असं सापडतं. ते झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७६७ मध्ये दिलं. पण त्यानेच १७५३ मध्ये याच झाडाला टेन्युइफ्लोरम म्हणून ठेवलं होतं, आणि वनस्पतिशास्त्रात आधीचं नाव टिकतं. त्यामुळे पावित्र्य कागदोपत्री गेलं. तुमच्या घरात ते साबांनी परत बसवलं.

ओळखायचं असेल तर कोवळा दांडा उजेडात धरून बघा. तुळशीवर बारीक लव दिसेल. पानाची कड करवतीसारखी, मंजिरी सडपातळ, फुलं इवली आणि जांभळट. जेनोव्हीजचं पान तकतकीत, गुळगुळीत, पालथ्या चमच्यासारखं फुगलेलं, फुलं पांढरी. तुळशीच्या वासात लवंग येते, कारण दोन्हींत युजेनॉल नावाचं वासाचं द्रव्य असतं.

पानफुटी

म्हणजे मी १२० रुपये मोजून तुळस आणली? जी आमच्या सोसायटीत पार्किंगच्या फरशीच्या फटीतून फुकट उगवते?

खवचट_नारायणपेठी

तुळशीचे २०. 'थाई'चे १००.

विनयाताई

पानफुटी, मी तुझ्या साबांच्या बाजूची. तुळस खाऊ नये असं कोणी म्हणत नाही. तीर्थात घालतो, नैवेद्यावर ठेवतो, खोकल्याला काढा करतो. पण तोडताना आधी हात जोडतो. द्वादशीला तोडत नाही, रविवारी तोडत नाही, दिवेलागणीनंतर तर नाहीच. तीच पानं मूठभर ओरबाडून लसूण-मिरचीच्या फोडणीत टाकायची, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. शास्त्र विचारू नका. हात धजत नाही.

रानभूल

विनयाताई, आदर आहे, पण पटलं नाही. काढ्यात आलं, मिरी, गूळ घालून ती उकळली की चालतं आणि कढईत परतली की पाप, ही सीमारेषा कोणी आखली?

आमच्या गावी शेताच्या बांधाला तुळशी माजलेल्या असायच्या. आजी चहात घालायला पानं बांधावरून आणायची. दारातल्या वृंदावनाला पानासाठी कधी हात लावला नाही. आजोबा माळकरी, त्यांनाही यात काही वावगं वाटलं नाही. पूजलेली तुळस वेगळी आणि उगवलेली वेगळी, असा हिशोब होता, आणि तो कोणी कोणाला समजावून सांगितलेला नव्हता.

विनयाताई

बांधावरची चहात. चहात, रानभूल. चिकनमध्ये नाही.

पानफुटी

अहो, चिकन नाही, मशरूम! आमच्याकडे अंडंसुद्धा गॅलरीच्या बाजूला जात नाही.

सदा_सकारात्मक

तुळस २४ तास ऑक्सिजन देते. घरात जितक्या तुळशी तितकं चांगलं. सगळ्या पूजाव्यात.

मृद्गंध

नाही हो. उजेड नसला की तुळसही आपल्यासारखाच श्वास घेते, ऑक्सिजन आत आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर. तरीही सातही कुंड्या ठेवाव्यात, याला अनुमोदन.

गच्चीवरचा_माळी

पावसाळ्यात जेनोव्हीज का मरतं, यावर मी तीन वर्षं डोकं आपटलंय म्हणून सविस्तर लिहितो.

पुढच्या जूनअखेरीला एक काम करा. सकाळी पिवळट पडलेलं एखादं पान उलटं करून बघा. वरून वाटतं की खत कमी पडलं, लोह कमी पडलं. उलटं केल्यावर शिरांच्या मधल्या चौकोनांत करडी-जांभळट बुरशी दिसते, खडूने भरलेलं डस्टर झटकल्यासारखी. बोटाला लागते. ही भुरी नव्हे. भुरी पांढरी असते आणि पानाच्या वरच्या बाजूलाही येते. हिला द्राक्षवाले डाउनी म्हणतात. बेसिलवर येणारी डाउनी वेगळी, पण तऱ्हा तीच. रात्रभर ओलं राहिलेलं पान आणि दमट हवा मिळाली की चार दिवसांत झाड गेलं. खत घालून उपयोग नाही, उलट पाला दाट होतो आणि हवा खेळत नाही. अशी पानं तोडून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टात नको.

दुसरं कारण मुळं. नर्सरीतली लाल माती पावसात थापीसारखी बसते. मी आता एक भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि दोन मुठी जाड वाळू घेतो. १० इंची कुंडी, खाली भोकं मोकळी, आणि ताटली काढून टाकलेली. ताटलीत साचलेल्या पाण्याने जितकी झाडं मेली तितकी उन्हाने मेली नसतील.

आणि खरं सांगायचं तर पुण्यात त्याला पावसाळ्यात जगवायचा हट्टच सोडा. ते वर्षभराचं झाड, तुळशीसारखं तग धरणारं नाही. मी गणपती उठले की एकदा पेरतो आणि जानेवारीच्या शेवटी एकदा. बी आठवड्याभरात वर येतं. पहिल्या पेऱ्याची पानं दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढेपर्यंत पुरतात, दुसरा पेरा हिरव्या जाळीखाली मे गाठतो. जूनमध्ये सगळं उपटायचं, पेस्टो करायचा आणि कुंडीत मेथी लावायची.

बाणेरची_बाल्कनी

माळीदादा, हट्ट सोडा काय? माझं जेनोव्हीज यंदाच्या पावसाळ्यातून बाहेर आलंय. ११ वा मजला, पत्र्याखाली, पानांवर थेंब नाही, आणि वारा असा की कुंड्या बांधून ठेवाव्या लागतात. पाणी सकाळीच, बुडाशी. एका कुंडीत एकच रोप. नर्सरीवाले एका कुंडीत पंधरा-वीस रोपं कोंबून घनदाट दिसणारं बेसिल विकतात, ते आणल्या आणल्या वेगळं केलं नाही तर एकमेकांच्या उरावर बसून मरतं.

गच्चीवरचा_माळी

मग श्रेय वाऱ्याला द्या. माझी गच्ची पेठेत आहे, तीन बाजूंनी इमारती. इथे जुलैत टॉवेलसुद्धा वाळत नाही.

निशिगंधा

तुमचे दोघांचे झाले असेल तर एक बाळबोध प्रश्न. माझं बेसिल काठीसारखं उंच वाढतं आणि वर चार पानं. काय चुकतंय?

बाणेरची_बाल्कनी

खालची मोठी पानं तोडताय ना? ती झाडाची कमाई आहे. शेंडा खुडा. पेराच्या जरा वर कापलं की त्या पेरातल्या दोन डोळ्यांतून दोन फांद्या फुटतात. त्या बोटभर झाल्या की त्यांचे शेंडे. तुळशीच्या मंजिऱ्या आपण खुडतो, तसंच हेही. तुरा आला की पानं लहान आणि कडसर होतात. आणि कापलेला शेंडा टाकू नका, पाण्यात ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळं धरतो.

सिंहगड_रोडवाली

पेस्टोचा विषय निघालाय तर आमच्या घरची गोष्ट. आजेसासूबाई ९१ वर्षांच्या, खणखणीत. मी पहिल्यांदा पेस्टो केला तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. "काय वाटतेस?" म्हटलं, बेसिलची चटणी. "बेसिल म्हणजे?" माझ्या तोंडून निघून गेलं, तुळशीसारखं असतं. झालं! दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी मी त्यांना कुंडीपाशी नेलं आणि पान हातात दिलं. वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं हा तर सब्जा! तुळस काय म्हणतेस?" माहेरी परसात होता म्हणे, वेणीत घालायच्या. आता त्याच विचारतात, सब्जाची चटणी कधी करणार. त्यांना लसूण जास्त लागतो.

माझं प्रमाण: दोन मुठी पानं, चार पाकळ्या लसूण, मूठभर भाजलेले शेंगदाणे, मीठ, लिंबू, आणि जेमतेम वाटलं जाईल इतकं तेल. चीज घरात असलं तर. पाइन नट्सचा भाव बघून मी दुकानातून मागे फिरले होते. जेनोआतल्या कोणाला सांगू नका.

खवचट_नारायणपेठी

जेनोआवाल्यांना कळलं तरी ते येणार नाहीत. दुपारी १ ते ४ आपण बंद असतो.

अमोल_पिंपळे

शेंगदाण्याचा पेस्टो म्हणजे ठेच्याचा चुलतभाऊ. काजू घाला निदान.

सिंहगड_रोडवाली

अमोल, ठेच्याला चुलतभाऊ म्हणून कमीपणा येत नाही. खलबत्त्यात दोन्ही होतात, आणि पेस्टो या शब्दाचा अर्थच मुळी कुटलेलं. मिक्सरमध्ये गरम होऊन काळा पडतो तो, खलात नाही पडत तितका.

शेफाली

काळा पडण्यावर उपाय आहे. पानं उकळत्या पाण्यात दहा सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात, मग घट्ट पिळून वाटायची. वास थोडा कमी होतो, रंग टिकतो. वाटलेलं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवायचं, लागेल तशा दोन वड्या काढायच्या.

आणि कृपा करून बेसिलची जुडी फ्रिजमध्ये टाकू नका. त्याला थंडी सोसत नाही, दुसऱ्या दिवशी काळे डाग. ओट्यावर पेल्यात पाणी घालून, फुलांसारखी उभी ठेवा.

सात कुंड्यांचं काय करू असा पुढचा प्रश्न येणारच आहे, म्हणून सांगते. लेमन बेसिल टोमॅटोच्या सारात, आच बंद केल्यावर. कोथिंबिरीची आठवणही येत नाही. कैरीच्या पन्ह्यात दोन पानं चुरडून. थाई बेसिल मुगाच्या डोशाच्या पिठात चिरून, बडीशेपेचा वास छान लागतो. डार्क ओपलला चव फारशी नाही, पण पांढऱ्या व्हिनेगरमध्ये आठवडाभर ठेवलं की व्हिनेगर झकास गुलाबी होतं, काकडीवर घाला. पाहुणे विचारतात.

पानफुटी

शेफाली, सार आजच केलं. नवऱ्याने विचारलं, यात गवती चहा टाकलास का. पण वाडगा चाटूनपुसून.

पुष्पा_के

सिंहगड_रोडवाली, वेणीत मरवा घालतात. सब्जा नव्हे. तुमच्या आजेसासूबाईंचा घोटाळा होत असेल.

सिंहगड_रोडवाली

पुष्पाताई, मीही हेच म्हणाले होते. उत्तर मिळालं, "मरवा विकत घ्यावा लागायचा, सब्जा दारात होता." पुढे बोलायची सोय नाही.

मृद्गंध

मरवा वेगळाच, तो ओरेगानोच्या घरातला. दवणा तर त्याहून लांबचा, तो शेवंती-झेंडूच्या कुळातला. तिन्ही वासाची पानं एका टोपलीत विकायला येतात म्हणून लोक एक समजतात.

मधाळ

कोणी मधमाश्यांबद्दल बोलत नाहीये म्हणून मी बोलते. सगळे तुरे खुडू नका हो. एक सब्जा आणि एक तुळस मोकळी फुलू द्या. माझ्या खिडकीत सकाळी नऊच्या सुमारास छोट्या फुलोरी माश्या येतात, मंजिरीवर उलट्या लटकून एकेक फूल तपासतात. पण याचा एक परिणाम. बॅसिलिकमची भावंडं शेजारी शेजारी फुलली की माश्या पराग इकडचे तिकडे करतात. मी डार्क ओपलचं बी धरलं, पुढच्या वर्षी निम्मी रोपं हिरवट, काहींना बडीशेपेचा वास. खायला काही बिघडत नाही, पण नावाची चिठ्ठी लावण्यात अर्थ उरत नाही. आमच्याकडे आता त्या सगळ्यांना 'घरचं' म्हणतात.

गच्चीवरचा_माळी

+१. जात शुद्ध ठेवायची असेल तर छाट लावा. आफ्रिकन ब्लू नावाचं बेसिल तर छाटानेच वाढवावं लागतं. कापूर तुळस आणि डार्क ओपल यांचा संकर आहे तो, १९८३ मध्ये अमेरिकेतल्या एका नर्सरीत आपोआप उगवलेला. बी धरत नाही. जेवायला कापूर जरा जास्तच, पण बारमाही फुलतो आणि मधाळताईंच्या माश्यांना मेजवानी.

अमोल_पिंपळे

कापूर तुळस ठेवली की डास येत नाहीत म्हणे?

गच्चीवरचा_माळी

येतात. कुंडीच्या ताटलीतच अंडी घालतात. परत सांगतो, ताटली काढा.

निशिगंधा

अवांतर: तुळशीचं लग्न जवळ आलंय. पानफुटी, लग्न कोणत्या तुळशीचं लावणार? कृष्ण की थाई?

खवचट_नारायणपेठी

थाई वधूचा पासपोर्ट बघून घ्या. ऊस, बोरं, चिंचा, आवळे इथले चालतील का तेही विचारा.

विनयाताई

दोन्ही कुंड्या शेजारी ठेवायच्या आणि एकच आंतरपाट. द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कधीही लावता येतं, गडबड नाही. आणि खवचट, लग्नाला बोलावलं तर येशील का नुसता टोमणे मारशील?

खवचट_नारायणपेठी

फराळ असेल तर येईन.

रानभूल

मूळ प्रश्न राहिलाच. पानफुटी, क्रापाव झालं का?

पानफुटी

झालं. दहा दिवस गप्प होते ते त्यासाठीच.

बाणेरच्या बाल्कनीचा शेंडे पाण्यात ठेवायचा सल्ला आणि रानभूलच्या आजीचा बांधाचा हिशोब, दोन्ही डोक्यात होते. मंगळवारी सकाळी आंघोळ करून, हात जोडून (विनयाताई, खरंच जोडले) साबांच्या देखत त्या तुळशीचे चार शेंडे खुडले. म्हटलं, आई, दाट होईल. त्या म्हणाल्या, मंजिरी यायच्या आत खुडलेलं बरंच. शेंडे काचेच्या पेल्यात घालून सिंकवरच्या खिडकीत ठेवले. आठव्या दिवशी पांढरी मुळं, दोऱ्यासारखी. कुंडीत लावताना साबा मागे येऊन उभ्या. मला वाटलं आता करंडा येणार. त्या म्हणाल्या, "ही कुठे ठेवणार?" म्हटलं, इथेच, ओट्यावरच्या खिडकीत. "मग ठीक आहे. बाल्कनीत आली की ती माझी. आणि त्या कढईतला लसूण नैवेद्याच्या पातेल्याला लागू देऊ नकोस."

चार रोपांची मिळून पंधरा-वीस पानंच निघाली, तीही छोटी. मशरूम, लसूण, लाल मिरची, सोया सॉस, आणि गॅस बंद केल्यावर पानं. लवंगेचा वास घरभर. साबांनी खाल्लं नाही, पण कढईवर वाकून वास घेतला आणि म्हणाल्या, मीठ कमी आहे. कमीच होतं.

आता त्या चार रोपांना जोर धरायला महिना लागेल. तोवर तेवढ्यासाठी कोणाकडे हळदकुंकू न लागलेली तुळस आहे का, कोथरूड-कर्वेनगर भागात? शेंडे न्यायला येईन, बदल्यात सब्जाची चटणी आणेन.

सिंहगड_रोडवाली

चटणीत लसूण जास्त घाल. आमच्याकडे ये, आजेसासूबाईंची परवानगी मी काढते.

खवचट_नारायणपेठी

बाल्कनीतली सासूची, ओट्यावरची सुनेची. फ्लॅटची नाही झाली तर तुळशीची तरी वाटणी झाली.